तुला दिलेला गोल

मिलिंद,

दवाखान्यात मी तुला तो गोल देऊन टाकला. तो मला परत घ्यायचा आहे, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलो आहे. तुझ्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिही, असं सगळे सांगतायत. मी लिहायला घेतो आणि प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या आड तो गोल येऊन उभा राहतो. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. इतक्या लवकर माणसाकडून काही परत मागू नये, हे कळतं मला. पण ती वस्तू तुझी नव्हतीच. मी ती दयेपोटी तुझ्या उशाशी ठेवली. तू तिच्याकडे एकदा पाहिलंस आणि मग खिडकीकडे तोंड केलंस. ते तुझं मान वळवणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

अंत्यविधीच्या वेळी तुझ्या मामांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "साहेब, तुम्ही दोघं त्या कंपनीत नेमकं करायचा काय? मिलिंदा सांगायचा, बर्फावरची हॉकी बघतो आणि त्याचा पगार घेतो. आम्हाला वाटायचं, चेष्टा करतोय."

"चेष्टा नव्हती," मी म्हणालो. पण समजावून सांगायला लागलो तेव्हा मला स्वतःलाच पडलेलं स्वप्न सांगितल्यासारखं वाटायला लागलं.

ती वर्षंच तशी होती. पुण्यात जिकडेतिकडे काचेच्या इमारती उगवत होत्या, आणि जगातलं कुठलंही काम कुठेही बसून करता येतं यावर सगळ्यांचा नुकताच विश्वास बसला होता. कुणी अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तपासत होतं, कुणी लंडनमधल्या माणसाचा बंद पडलेला कॉम्प्युटर फोनवरून चालू करून देत होतं. आपल्या वाट्याला कॅनडातली आइस हॉकी आली. तिकडे संध्याकाळी सामना सुरू व्हायचा तेव्हा इकडे पहाट असायची. कोथरूडच्या त्या ऑफिसात पडद्यासमोर बसून आपण सामन्यातली प्रत्येक घटना नोंदवायची. रबराची ती काळी चकती कुणी कुणाकडे दिली, कुणी कुणाला धडक मारली, धडक नियमातली होती की नियमाबाहेरची, गोल झाला की नाही. एकानं बघून बोलायचं, दुसऱ्यानं कळ दाबायची, मध्यंतरात जागा बदलायच्या. त्या नोंदींवरून तिकडचे व्यावसायिक संघ आपापले खेळाडू जोखायचे. आणि आपण दोघांनी जन्मात पाहिलेला बर्फ म्हणजे रसवंतीतला, गोणपाटात गुंडाळलेला.

त्या चित्रांना आवाज नसायचा. आपल्याला फक्त चित्र मिळायचं. पांढऱ्याशुभ्र पटावर रंगीत माणसं पाय न हलवल्यासारखी वाहत यायची, एकमेकांवर आदळायची, काचेच्या भिंतीला थडकून खाली बसायची, आणि कशाचाच आवाज यायचा नाही. हजारो माणसं तोंडं उघडून ओरडत असायची आणि आपल्याला ऐकू यायची ती एसीची घरघर, आणि खाली रस्त्यावर दुधाच्या क्रेट उतरवण्याचा आवाज. मग तू तोंडानं आवाज काढायचास. धडकेला 'धप्प', चकती खांबाला लागली की 'टण्'. लोकांचा गलका तू फार छान काढायचास, लांबून वारा आल्यासारखा. पुढे मला कधी टीव्हीवर आवाजासकट आइस हॉकी दिसली, तर ती खोटी वाटली. खरी होती ती तुझ्या तोंडातून निघणारी.

कंपनीची जीप आधी धायरीला जाऊन तुला घ्यायची आणि मग कसबा पेठेत माझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायची, कारण गल्लीत ती शिरत नसे. तू पुढच्या सीटवर काचेला डोकं टेकवून झोपलेला. मी मागे बसलो की डोळे न उघडताच विचारायचास, "पंत, आंघोळ झाली का?"

"झाली."

"मग आज तू बघ, मी कळा दाबतो. आंघोळ केलेल्याला जास्त दिसतं."

सकाळी काम संपवून बाहेर पडलो की ऊन डोळ्यांत खुपायचं आणि सगळा कर्वे रस्ता मला पांढरा दिसायचा. स्कूटरवाले, रिक्षा, बस, शाळेची मुलं, सगळे घसरत घसरत चाललेले, बिनआवाजाचे. घरी जाऊन पडदे ओढून झोपायचो तेव्हा एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. खडकवासल्याचं पाणी गोठलं आहे आणि तू त्यावरून अनवाणी, कबड्डीची चड्डी घालून, समोरच्या काठाकडे चालला आहेस. ओठ हलतायत, तू कबड्डी कबड्डी म्हणतो आहेस, पण ऐकू काहीच येत नाही. मी काठावरून हाका मारतो, तू वळत नाहीस, कारण वळून बोललास तर दम तुटेल. मी तुला हे स्वप्न सांगितलं तेव्हा तू फक्त विचारलंस, "बर्फ फुटला का?"

"नाही."

"मग ठीक हाय. खडकवासल्यात बुडून चालत नाही आम्हाला. ते पाणी पुढं तुमच्या पेठेत प्यायला जातं."

गेल्या काही दिवसांत ते स्वप्न परत पडायला लागलं आहे. आता मी काठावरून हाक मारत नाही.

आपली पहिली मोठी चूक तुझ्यामुळे झाली, आणि मी तिला मनापासून साथ दिली. तू धायरीच्या मंडळाकडून कबड्डी खेळलेला. तुमच्यात पद्धत अशी की चढाई करणाऱ्याचा हात आपल्याला लागला, तर पंचानं शिट्टी वाजवायची वाट बघायची नाही. आपण होऊन हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जायचं. आइस हॉकीत खेळाडू दमला की तोही एक हात उंच करतो आणि बाकावर जाऊन बसतो, म्हणजे त्याच्या जागी दुसऱ्यानं आत यावं. हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिला असा हात वर झाला तेव्हा तू खुर्चीतून पुढे सरकलास. "बघ, बघ पंत! धक्का यानं मारला, कुणी बघितलं नाही, आणि आपला आपण बाहेर गेला. मोठा माणूस!" मी कळ दाबली: चूक कबूल. मग प्रत्येक वर झालेल्या हाताला आपण तीच कळ दाबत गेलो. किती सामने गेले असे, कोण जाणे.

देवधर सरांनी आपल्याला आत बोलावलं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन या नव्या धंद्यात आलेले ते आपले वरिष्ठ, भर उन्हाळ्यात एसीसाठी स्वेटर घालून बसणारे.

"बसा," सर म्हणाले. "तिकडून विचारणा आली आहे. आपल्या नोंदींप्रमाणे त्यांचे खेळाडू घडोघडी गुन्हा कबूल करून मैदान सोडतात. इतकी सज्जन माणसं आपल्याकडे राहतात याची त्यांना स्वतःला कल्पना नव्हती. आपल्याला पुण्यात बसून कसं कळलं, असं विचारतायत."

"सर, हात वर करून गेला ना तो," तू म्हणालास. "म्हणजे बाद."

"अहो, दमला म्हणून गेला तो."

"नुसता दमला?"

"नुसता दमला."

"मग हात कशाला वर करायचा?" असं म्हणालास, आणि तुझ्या आवाजात चेष्टा नव्हती. मला शिव्या खाण्याची भीती वाटत होती. तुला मात्र खरंच वाईट वाटलं होतं. एवढं लखलखीत मैदान, एवढे पैसे मिळवणारी माणसं, आणि त्यांतला एकही जण आपणहून बाहेर गेलेला नव्हता.

मला धडका बघवायच्या नाहीत. कुणी काचेवर आपटलं की माझे डोळे मिटायचे आणि नोंद चुकायची. एकदा तू पडदा थांबवलास. "पंत, तू मार खाणाऱ्याकडं बघतोस. म्हणून तुला सगळ्याच धडका वाईट वाटतात. मारणाऱ्याचे पाय बघ. पाय बर्फावर असले, खांदा छातीवर गेला, आणि चकती समोरच्याकडं होती, तर तो खेळ. उडी मारून आला, डोक्यावर गेला, पाठीत गेला, तर तो राग."

"आणि खेळातच लागलं तर?"

"लागतंच की. ऊठ."

तू मला कॉरिडॉरमधल्या लोखंडी कपाटाला पाठ लावून उभं केलंस आणि हातात एक फाइल दिलीस. "ही चकती. तुझ्याकडं हाय, म्हणून तुला धडक मारायचा मला अधिकार हाय. फाइल टाकलीस तर मी हात लावणार नाही." मी फाइल टाकली नाही, का कोण जाणे. तू दोन पावलं मागे गेलास आणि आलास. कपाट असं काही वाजलं की देवधर सर बाहेर आले.

"अहो, ही कचेरी आहे की तालीम?"

"सर, ट्रेनिंग चाललंय."

"कपाटाला नको होतं ट्रेनिंग. ते परमनंट आहे."

मला काहीच कसं लागलं नाही याचं नवल करत मी खुर्चीत येऊन बसलो. मग दिसलं की तू उजव्या हाताची बोटं तोंडात धरली आहेस. धडक देताना तू तो हात माझ्या डोक्यामागे घातला होतास, आणि कपाटाची कड तुझ्या बोटांवर बसली होती. मी 'अरे' म्हणालो, तू 'काय नाय' म्हणालास, आणि पुढचा सामना सुरू झाला. मी तुला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. त्यानंतर मात्र मला धडका बघता यायला लागल्या. कुठलीही घ्यावी लागणारी धडक, नोकरी गेल्याची, वडील गेल्याची, मी त्या दिवसापासून मारणाऱ्याच्या पायांकडे बघून घेतली आहे. तुझ्या जाण्याच्या धडकेला पायच दिसत नाहीत, म्हणून कदाचित एवढा भांबावलो असेन.

आता तो गोल. ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी एकदा शेवटचा सांगतो. तू मध्ये बोलू नकोस.

गोलकीपर गोलच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसलेला. समोरून चकती येते. तो डाव्या हातातल्या मोठ्या मोज्यात ती झेलतो. झेलण्याच्या झोकात तो हात मागे जातो, थेट गोलच्या आत. पूर्ण मोजा रेषेच्या पलीकडे गेलेला वरच्या कॅमेऱ्यातून स्वच्छ दिसतो. मग तो हात पुढे घेतो, मोजा उघडतो, चकती आत आहे. नियम असा की चकती पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे गेली पाहिजे, आणि ती गेलेली दिसली पाहिजे. तिकडच्या पंचांनी गोल दिला नाही. अशा वादाच्या प्रसंगी आपण दोघांनीही आपलं मत द्यायचं, आणि ते एक असायला हवं, असा आपल्या कामाचा नियम होता. एक झालं नाही तर ती नोंद आठवड्याच्या अहवालात लाल रंगात तशीच राहायची.

"गोल आहे," तू म्हणालास.

"कशावरून? चकती दिसतच नाहीये."

"चकती मोज्यात. मोजा आत. मग चकती कुठं गेली, स्वारगेटला?"

"मोज्याच्या टोकाशी असेल. मोजा मोठा आहे. रेषेवर असू शकेल."

"असू शकेल! तू बघितलीस का रेषेवर?"

"तू बघितलीस का आत?"

झालं. पुढचे कित्येक आठवडे लाल रंग तसाच राहिला. मी तुला डिवचायचो, "तुमच्याकडे तर धम्मवंदनेतच म्हणता ना, ये आणि पाहा म्हणून. मग न पाहता कसा देतोस गोल?" त्यावर तू म्हणालास, "ये आणि पाहा म्हटलंय. ज्याला यायचंच नाही त्यानं रेषेवर बसून राहावं, असं नाही म्हटलेलं." देवधर सरांनी धमकी दिली, "एक गोल आणि दोन शहाणे. मिटवा, नाहीतर मी नाणं उडवतो." मी म्हणालो, "सर, उडवा, पण ते खाली पडलेलं दिसायला हवं." तू टेबलावर डोकं ठेवून हसलास. पण सही केली नाहीस.

तू इतका का अडून बसला आहेस हे मला एका सकाळी कळलं. परतीच्या जीपमध्ये आपण दोघंच होतो. तू बाहेर बघत सांगितलंस की तालुक्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईत समोरच्याचं बोट तुझ्या पोटरीला लागलं होतं. केस हलावा एवढंच. पंचांना दिसलं नाही, लोकांना दिसलं नाही, ज्याचं बोट लागलं त्यालासुद्धा कळलं नसावं. तू हात वर केलास. तुमचा संघ हरला. गावात बरेच दिवस तुझ्याशी कुणी धड बोललं नाही. घरी वडील मात्र म्हणाले, जेवायला बस.

"पंत, पंचाला दिसलं नाही म्हणून काय लागलं नव्हतं का?" तू म्हणालास. "त्या गोलकीपरला ठाऊक हाय. त्याच्या हाताला ठाऊक हाय चकती कुठं होती ते. कॅमेरा काय विचारतोस, त्याला विचार."

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. उत्तर होतं माझ्याकडे. ज्याला ठाऊक आहे त्यानं सांगावं हे खरंच, पण त्यानं नाही सांगितलं तर आपण त्याच्या वतीनं सांगू नये. पंचाचं काम तेवढंच. माझं घर पेठेतलं, तिथे लोक एकमेकांबद्दल न पाहिलेल्या गोष्टी फार खात्रीनं सांगत. मला त्याचा तिटकारा होता. कुणाला न दिसलेला स्पर्श कबूल करण्यात तुला आब वाटायचा, मला न दिसलेली गोष्ट न बोलण्यात. दोघंही आपापल्या परीनं प्रामाणिकपणासाठीच भांडत होतो, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून तर ते भांडण इतकं गोड होतं.

मग ते काम गेलं. बघणारी माणसं नकोत, आता मशिनच बघतील, असं तिकडून कळवलं. मी हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागलो, तू भोसरीच्या कारखान्यात तपासनीस झालास. ती लाल नोंद कुठे गेली, देव जाणे. पण आपला 'हॅलो' तोच राहिला. फोन उचलला की पलीकडून तू म्हणायचास, "होता." मी म्हणायचो, "नव्हता. बोल." तुझ्या लग्नाचं तू असंच कळवलंस. माझे वडील गेले तेव्हा मी फोन केला, मला बोलवेना, तर तूच हळू आवाजात म्हणालास, "होता," आणि मी म्हणालो, "नव्हता," आणि मग मला रडता आलं. किती माणसांचं असं असतं की एका शब्दानं दार उघडतं? माझं तुझ्यापाशी होतं.

आणि त्या दारावर मी दवाखान्यात काय करून ठेवलं.

तुझा आजार कळल्यापासून मी भेटायला येणं पुढे ढकलत होतो. ऑफिसचं काम, सुट्टी नाही, असं वहिनींना सांगत होतो. खरं म्हणजे भीत होतो. शेवटी आलो त्या दिवशी लिफ्टमध्ये माझ्या हातात काही नव्हतं. लोक शहाळं आणतात. मी विचार केला, याला आवडेल असं आपण काय देऊ शकतो? आणि चौथ्या मजल्यापर्यंत जाता जाता मी ठरवून टाकलं. मला ते फार उदार वाटलं, मिलिंद. डोळे भरून आले माझे, स्वतःच्याच मोठेपणानं.

तुझं मनगट चादरीवर पडलं होतं, लहान मुलाचं असावं तसं. तू डोळे उघडलेस. आवाज बारीक झाला होता, पण ओठाच्या कोपऱ्यात ते जुनं काहीतरी हललं.

"होता," तू म्हणालास.

"होता," मी म्हणालो.

"काय?"

"होता रे. मी परत पाहिला. नीट पाहिला."

"कुठं पाहिलास?"

"नेटवर सापडला."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं हसशील, वहिनींना हाक मारशील, टाळी मागशील. तू म्हणालास, "बरं." आणि मान खिडकीकडे वळवलीस. खिडकीत काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. थोड्या वेळानं वहिनींना म्हणालास, "त्यांना चहा विचार." त्यांना. एवढ्या वर्षांत मी तुला पहिल्यांदाच 'ते' झालो.

बाकी मग आपण पावसापाण्याचं बोललो. पुन्हा भेट झाली नाही.

काल तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या. फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला, त्यामुळे जरा धूसर, तू धुक्यातून बघतो आहेस असा. मी लवकर पोचलो होतो. वहिनी फुलं लावत होत्या.

"वहिनी, त्या दिवशी मी गेल्यावर मिलिंद काही म्हणाला होता का?"

"म्हणाले ना." त्यांनी हातातलं फूल ठेवलं. "म्हणाले, आत्तापर्यंत मी बरा होतो. यानं मला आजारी केलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भावजी, मला काही कळलं नव्हतं. काय केलंत तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. गोल, 'होता', नेट, लिफ्ट, सगळं. वहिनी शांतपणे ऐकत होत्या. त्यांना हॉकीतलं काही कळत नाही, पण तुझ्यातलं सगळं कळतं.

"मग परत घ्या की," त्या म्हणाल्या.

"आता कसा घेऊ?"

"आज तुम्हाला बोलायचंय ना चार शब्द? तेव्हा घ्या."

"इथे? सगळ्यांसमोर? लोक काय म्हणतील, वहिनी?"

"लोकांना विचारून दिला होतात का?"

माझ्या आधी तुझ्या कारखान्यातले एक जण बोलले. म्हणाले, मिलिंद कायम बरोबर असायचा. लोकांनी माना डोलावल्या. मग मी उभा राहिलो. म्हणालो, "माझा मित्र कायम बरोबर नसायचा. एका गोलाबाबत तो साफ चुकला होता, आणि चुकलास असं म्हणणारं कुणीतरी त्याला रोज लागायचं. ते काम माझं होतं. शेवटच्या भेटीत मी ते केलं नाही. तो आजारी आहे म्हणून मी खोटं बोललो, आणि त्याला ते कळलं. तो गोल नव्हता."

पुढच्या रांगेत तुझे मामा माझ्याकडे आ वासून बघत होते. आणि मग सगळ्यांत मागून, स्वेटर घातलेल्या, आता काठी घेऊन चालणाऱ्या देवधर सरांचा आवाज आला, "काय हो, अजून मिटलं नाही का हे?"

आधी वहिनी हसल्या. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग मांडवातली बरीच माणसं कारण न कळताच हसली. मी खाली बसलो. घरी येताना सिंहगड रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसून राहिलो.

कारण एक गोष्ट तिथे बोललो नाही. मोह आत्ता जास्त आहे, मिलिंद. दवाखान्यात होता त्याहून जास्त. तुझं म्हणणं मान्य केलं तर मलाच केवढं बरं वाटेल. झाकलेल्या मुठीत गेलं ते दिसलं नाही, तरी तिथेच आहे; म्हणजे तूही कुठेतरी आहेसच. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. पहाटे जाग येते, जीपची वेळ झाल्यासारखं वाटतं, आणि तुझा नियम मी ओठांपर्यंत आणतो. पण तीही दयाच होईल, या वेळी स्वतःवर केलेली. तुला ती कळेल, आणि तू पुन्हा 'बरं' म्हणशील. ते मला सोसणार नाही.

म्हणून, नाही. गोल देता येत नाही.

मात्र भांडणाच्या भरात इतकी वर्षं एक गोष्ट तुला नीट सांगायची राहिली. चकती आत नव्हती असं मी एकदाही म्हटलेलं नाही. मला ती दिसली नाही, एवढंच म्हणत आलो.

यावर तू काय म्हणाला असतास ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. पण ते मी इथे लिहिणार नाही. तुझ्या वतीनं मी खेळायचं नाही.